अर्धवट वयाचा दोष कोणाचा?

एका गांवची गोष्ट आमच्या कानीं आली. जत्रेच्या रात्रीं १५ वर्षांच्या एका मुलानें घरांत कोणासहि न विचारतां चुलत्याची फटफटी बाहेर काढली. मागें तीन सोबती बसले. वेशीपासून ओढ्यापर्यंत जाऊन परत यावयाचें, एवढाच बेत होता. ओढ्याच्या वळणावर फटफटी बांधावर आदळली. तिघे खरचटण्यावर निभावले, परंतु चौथ्याचा पाय गुडघ्याखालीं मोडला. दुसऱ्या दिवशीं चार वडील माणसें ओट्यावर बसलीं व मुलास मध्यें उभें करून त्यांनीं विचारलें, "तुला फटफटी नीट चालवितां येत नाहीं, हें तुला ठाऊक होतें ना?" मुलगा म्हणाला, "होतें." "तिच्यावर चौघांनीं बसूं नये, हें ठाऊक होतें ना?" "होतें." "मग असें कां केलेंस?" मुलानें बराच वेळ खालीं पाहिलें व म्हटलें, "काका, तें मला खरेंच ठाऊक नाहीं."

ह्या उत्तरानें मंडळी फारच संतापली. बाप म्हणाला, "हा आतां लहान नाहीं. यंदा ह्याची शाळा बंद. टोळीबरोबर ऊस तोडावयास येऊं द्या, म्हणजे कळेल संसार कसा असतो." आजी पदरानें डोळे पुशीत म्हणाली, "लेकरूं आहे तें, त्याला काय कळतंय?" आणि त्याच बैठकींत दुसरीहि एक गोष्ट निघाली. मुलाची बहीण १४ वर्षांची. घरचीं माणसें सहा महिने बाहेर राहणार. वयांत आलेली पोर मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी? त्यापेक्षां ती उजवून टाकावी. हें सर्व बोलणें होईपर्यंत मुलीस कोणीं एक शब्द विचारला नाहीं, आणि मुलासहि "तुझें काय म्हणणें आहे?" असें कोणीं म्हटलें नाहीं.

वाचकहो, ही बैठक थोडी निरखून पहा. शिक्षा भोगण्याकरितां तो मुलगा मोठा ठरला. कींव करण्याकरितां तोच लहान ठरला. आणि आपलें म्हणणें मांडण्याकरितां तर तो माणूसच ठरला नाहीं. मुलगी संसाराचें ओझें वाहण्याकरितां मोठी, आणि तोंड उघडण्याकरितां लहान. असा निवाडा करणारीं माणसें दुष्ट होतीं असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तीं गरीब व कष्टाळू माणसें होतीं आणि लेकरांवर त्यांची मायाहि होती. परंतु बाल्य सुटलें आहे व प्रौढपण आलें नाहीं, अशा अर्धवट वयांतील माणसास काय समजावें, हें त्यांच्या मनांत ठरलेलें नव्हतें. आमच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत तें ठरलेलें नसतें. म्हणून ह्या वयाचा दोष कोणाचा, आणि त्यास काय देणें योग्य, ह्या प्रश्नाचा आज विचार करूं.

प्रथम शरीराकडे पाहूं. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी एक ग्रंथि आहे. मुलींमध्यें बहुधा ८ व्या ते १३ व्या वर्षाच्या दरम्यान आणि मुलांमध्यें ९ व्या ते १४ व्या वर्षाच्या दरम्यान मेंदूकडून ह्या ग्रंथीस इशारा मिळतो, व तिचे रस रक्तांतून जाऊन मुलीचें अंडाशय व मुलाचे वृषण ह्यांस जागें करितात. पुढें जें होतें तें सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. मुलगी उंच होते, तिचें अंग भरतें, तिला न्हाण येतें. मुलाचे खांदे रुंदावतात, आवाज फुटतो, मिसरूड दिसूं लागतें. मुलीची उंचीची मोठी झेप १२ व्या वर्षाच्या सुमारास व मुलाची १४ व्या वर्षाच्या सुमारास येते. त्या एका वर्षांत मुलगा ९ ते १० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पांच बोटें वाढतो. जेम्स टॅनर नांवाच्या इंग्रज वैद्यानें गेल्या शतकांत मुलामुलींचीं मापें वर्षानुवर्षें घेऊन ह्या वाढीच्या पांच पायऱ्या लावून दाखविल्या. पायऱ्यांचा क्रम बहुतेकांचा सारखाच, परंतु आरंभ कोणाचा लवकर तर कोणाचा चार-पांच वर्षें उशिरां. म्हणून १३ वर्षांचीं दोन मुलें शेजारीं उभीं केलीं तर एक गडी दिसतो व दुसरें लेकरूं दिसतें. वय दोघांचें एकच असतें. केवळ अंगलटीकडे पाहून "हा मोठा झाला" असें म्हणणारा माणूस येथेंच पहिली चूक करितो.

आणखी एक गोष्ट आहे. ह्या वयांत हात व पाऊल आधीं वाढतें, मग तंगडी, आणि धड सर्वांत शेवटीं. आपलें अंग किती लांब झालें आहे हें त्या मुलासच कळावयास थोडा वेळ लागतो. तो उंबऱ्याला ठेंचाळतो, त्याच्या हातून तांब्या पडतो, आणि घरचे म्हणतात, "लक्ष कोठें आहे तुझें?" झोपेचेंहि तसेंच. रात्रीं झोंप आणणारा जो रस मेंदूंत स्रवतो, तो ह्या वयांत तास-दोन तास उशिरां स्रवूं लागतो. मुलास रात्रीं लवकर झोंप लागत नाहीं व पहांटे डोळे उघडत नाहींत. आणि झोंप तर त्यास ८ ते १० तास पाहिजे असते. बाप त्यास आळशी म्हणतो. आळस नसतोच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यास आपण आळस म्हणतों त्यांतला बराचसा भाग वाढीचा असतो, हें ठाऊक असलेल्या बापाचा हात उगारण्याआधीं थोडा थांबेल.

आतां मनाकडे वळूं. स्वित्झर्लंडांतील जीन पियाजे ह्या पंडितानें मुलांचा विचार कसकसा वाढतो ह्याचा जन्मभर अभ्यास केला. त्याच्या मतें ११-१२ वर्षांच्या पुढें मुलाच्या बुद्धींत एक नवी शक्ति येते. लहान मूल समोर जें आहे त्याचा विचार करितें. वाढतें मूल जें समोर नाहीं पण असूं शकेल, त्याचाहि विचार करूं लागतें. "असें आहे" एवढ्यावर त्याचें समाधान होत नाहीं, "असेंच कां? निराळें कां नाहीं?" असें तें विचारतें. बाप सांगतो तें आणि बाप करितो तें, हीं दोन्हीं शेजारीं ठेवून तें मनांत ताडून पाहतें. घरांत ह्यास उलट बोलणें म्हणतात. बोलण्याची रीत पुष्कळदां उर्मट असते खरी. नव्या कोयत्याला धार लागली म्हणजे पोर दिसेल तें झुडूप छाटीत सुटतें, तशांतला हा प्रकार आहे. परंतु धार आली म्हणून कोयता फेंकून कोणी देत नाहीं. न्याय म्हणजे काय, खरें म्हणजे काय, मी कोण, ह्या प्रश्नांचा विचार करण्याची शक्ति मनुष्यास मिळते ती ह्याच वयांत मिळते. जो ती शक्ति मारून टाकितो त्यास पुढें आज्ञाधारक मुलगा मिळेल कदाचित्, पण विवेकी मुलगा मिळणार नाहीं.

तर मग असा विचार करूं शकणाऱ्या मुलानें जाणूनबुजून फटफटी कां काढली? येथें मेंदूची गोष्ट सांगणें अवश्य आहे. मूल ६ वर्षांचें होतें तेव्हांच त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारें ९० टक्के आकाराचा झालेला असतो. परंतु आंतील जुळणी पुढें बरींच वर्षें चालूं राहते. ज्या तंतूंचा उपयोग होत नाहीं ते छाटले जातात, ज्यांचा होतो त्यांवर स्निग्ध आवरण चढतें व त्यांतून निरोप जलद जाऊं लागतात. हें काम मेंदूच्या मागल्या भागाकडून पुढल्या भागाकडे सरकत येतें, आणि कपाळामागील जो भाग थांबवितो, तोलतो, परिणाम पाहतो, तो सर्वांच्या शेवटीं, विशी उलटून पंचविशीच्या सुमारास पक्का होतो. उलट, हौस, थरार व शाबासकी ह्यांनीं जागा होणारा भाग फार लवकर चेततो. म्हणजे बैल गाडीला जुंपले गेले, पण कासरा अजून वळला जात आहे! आमच्या वाडवडिलांनीं मेंदू पाहिला नव्हता, तरी "गद्धेपंचविशी" हा शब्द त्यांनींच करून ठेविला. सोळाव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंतच्या वयास त्यांनीं हें नांव दिलें, तें उगीच नव्हे.

अमेरिकेंत मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्यांनीं केलेला एक प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं लोकांस गाडी हांकण्याचा एक खेळ यंत्रावर खेळावयास दिला. कांहीं जण एकटे खेळले, कांहींच्या शेजारीं त्यांच्याच वयाचे सोबती बसविले. २४ वर्षांवरील माणसांच्या खेळांत सोबत्यांमुळें कांहीं फरक पडला नाहीं. परंतु १३ ते १६ वर्षांचीं मुलें सोबती पाहत असतांना एकटीं असतांनापेक्षां पुष्कळच अधिक धोका पत्करूं लागलीं. मूल तेंच, बुद्धि तीच, फक्त पाहणारे डोळे निराळे. ह्याच्या उलट, शांतपणें बसवून, वेळ देऊन प्रश्न विचारला, तर १६ वर्षांच्या सुमारास मुलगा-मुलगी जवळजवळ मोठ्या माणसाइतकाच नीट विचार करितात, असेंहि शोध करणाऱ्यांस आढळलें आहे. ओट्यावर उभा असलेला मुलगा खोटें बोलत नव्हता. शांत मनाला जें ठाऊक होतें तें त्यानें कबूल केलें. तापलेल्या मनानें जें केलें त्याचें कारण शांत मनास सांपडेना.

आतां खऱ्या प्रश्नाकडे येऊं. हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, "म्हणजे दोष मेंदूचा. मग मुलास शिक्षा कशाची, आणि मोडलेल्या पायाचा जाब विचारावा तरी कोणास?" आम्ही असें म्हणत नाहीं. कारण सांगणें निराळें व दोष धुवून टाकणें निराळें. पावसानें रस्ता निसरडा झाला हें पडण्याचें कारण होय. पण रस्ता निसरडा आहे हें ज्यास कळतें त्यानें जपून चालावें, हें कर्तव्य त्यामुळें नाहींसें होत नाहीं. मुलास नियम ठाऊक होता, म्हणून दोषांत त्याचा वांटा आहे. "तुझा कांहींच दोष नाहीं" असें त्यास सांगणें ही दया नव्हे; तूं माणूस नाहींस असेंच त्यास सांगणें आहे. परंतु वांटा म्हणजे सर्व नव्हे. चुलत्यानें किल्ली खुंटीवर ठेविली. बापानें वर्षभर "जरा गिरणीवर जाऊन ये" म्हणून त्यास त्याच फटफटीवर पाठविलें, आणि पोर गाडी चालवितें म्हणून चारचौघांत कौतुकहि केलें. ह्या गोष्टी ओट्यावर कोणीं काढिल्या नाहींत.

सरकारनें मात्र त्या काढिल्या आहेत. मोटारवाहनांच्या कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणें अज्ञान मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक हा दोषी धरला जातो. त्यास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. ही गोष्ट आपणांस ठाऊक नव्हती, किंवा ती टाळण्यासाठीं आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, असें त्यानेंच सिद्ध केलें पाहिजे. इतर कायद्यांतहि हाच विचार निरनिराळ्या रूपानें आढळतो. ७ वर्षांखालील मुलाचें कोणतेंहि कृत्य गुन्हा होत नाहीं. ७ ते १२ वर्षांच्या मुलास आपल्या कृत्याचा अर्थ कळण्याइतकी समज होती कीं नाहीं हें पाहावें लागतें. हा नियम १८६० च्या दंडसंहितेंत होता व २०२३ च्या न्यायसंहितेंतहि ठेविला आहे. १४ वर्षांपर्यंत मुलास कामावर ठेवूं नये, आणि १४ ते १८ मध्यें धोक्याच्या कामावर ठेवूं नये, असें २०१६ ची दुरुस्ती सांगते. घरच्या शेतांत वा धंद्यांत शाळेच्या वेळेबाहेर केलेल्या मदतीस तेवढी सवलत आहे. १६ ते १८ वर्षांच्या मुलानें अत्यंत घोर गुन्हा केल्यास त्याची समज तपासून त्याचा खटला मोठ्या माणसाप्रमाणें चालवावा कीं काय हें ठरवावें, असें २०१५ चा कायदा म्हणतो. मत देण्याचें वय पूर्वीं २१ होतें, तें १९८९ पासून १८ झालें. एवढीं वेगवेगळीं वयें पाहून कित्येक हंसतात. आम्हांस त्यांत शहाणपण दिसतें. माणूस एका रात्रींत मोठा होत नाहीं. तो एकेका गोष्टीपुरता मोठा होत जातो.

येथें वडील मंडळी एक आक्षेप घेतात व तो वजनदार आहे. ते म्हणतात, "आमच्या आज्यानें चौदाव्या वर्षीं औत धरलें, आजी तेराव्या वर्षीं नांदावयास आली. त्यांचें काय वाईट झालें? कामानेंच माणूस तयार होतो." ह्या बोलण्याचा अर्धा भाग खरा आहे, आणि तो आम्ही आनंदानें मान्य करितों. काम केल्यावांचून, विश्वास टाकल्यावांचून, जबाबदारी येत नाहीं. मेंदूच्या त्या पुढल्या भागाची जुळणीहि वापरानेंच पक्की होते. परंतु शेतकऱ्यानें स्वतःच्या गोठ्यांत काय रीत ठेविली आहे ती पहावी. आदत खोंड आहे, अजून दांत लावलेला नाहीं, तर तो त्यास मोटेचा किंवा भरल्या गाडीचा बोजा देत नाहीं. दुसा झाल्यावर हळूहळू शिकवितो, आणि शिकवितांना दुसऱ्या खोंडाबरोबर नव्हे, तर जुन्या, समंजस बैलाबरोबर जुंपतो. कोवळ्या खांद्यावर बोजा टाकला तर बैल जन्माचा बसतो, हें त्यास पक्कें ठाऊक असतें. आज्यानें औत धरलें तें पणज्याच्या डोळ्यांखालीं धरलें. ती जोडी होती. आज मुलगा टोळींत जातो तेव्हां त्याच्या जोडीला कोण असतो? मुकादमाची उचल असते, आणि त्याच्याच वयाचे चार कोयते असतात.

आणि आजीचें काय वाईट झालें, ह्याचें उत्तर ज्या आजी मागें राहिल्या त्या देतील. ज्या पहिल्या बाळंतपणांतच गेल्या त्यांस कोण विचारणार? उंची थांबली तरी मुलीच्या कमरेचें हाड पुढें कांहीं काळ वाढतच असतें. विशीच्या आंतील मातांस बाळंतपणीं झटके येण्याचा व ज्वराचा धोका मोठ्या स्त्रियांपेक्षां अधिक असतो, आणि त्यांचीं मुलेंहि हलक्या वजनाचीं व अपुऱ्या दिवसांचीं अधिक होतात. त्यांतच रक्ताची उणीव. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं १०० मध्यें ५९ जणींच्या अंगीं रक्त कमी आढळलें. त्याच पाहणीप्रमाणें आमच्या महाराष्ट्रांत २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांत १०० मध्यें जवळजवळ २२ जणींचें लग्न १८ वर्षें पुरीं होण्याआधींच झालेलें होतें. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून जोडपें लवकर लावून देण्याची घाई होते, हेंहि आपणांस ठाऊक आहे. ही घाई गरिबीनें करविलेली आहे, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु गरिबीचें देणें चौदा वर्षांच्या मुलीच्या शरीरांतून फेडून घेणें न्याय्य होईल काय?

ह्या ठिकाणीं आम्हांस मुंबईच्या रखमाबाईंची आठवण होते. त्यांचें लग्न ११ व्या वर्षीं लावून दिलें होतें. त्या माहेरींच वाढल्या, शिकल्या, आणि जाणत्या झाल्यावर नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें त्यांनीं नाकारिलें. १८८४ सालीं नवऱ्यानें फिर्याद केली. पहिल्या न्यायाधीशानें १८८५ सालीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. परंतु अपिलानंतर १८८७ सालीं त्यांस हुकूम झाला कीं, नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद भोगा. आपण तुरुंगांत जाऊं, पण जाणार नाहीं, असें त्यांनीं कळविलें. १८८८ सालीं पैसे देऊन तें प्रकरण मिटलें. पुढें त्यांनीं लंडनांत वैद्यकीचें शिक्षण घेतलें व परत येऊन सुरत व राजकोट येथें पुष्कळ वर्षें स्त्रियांची सेवा केली. त्या वेळीं देशभर वाद माजला होता, आणि दोन्हीं बाजूंस प्रामाणिक माणसें होतीं. दिलेलें वचन पाळिलें पाहिजे, असें एक पक्ष म्हणे. वचन पवित्र आहे हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु वचन कोणीं दिलें होतें? ज्या वयांत वचन म्हणजे काय हेंच कळत नाहीं, त्या वयांत दुसऱ्यानें आपल्या तोंडानें दिलेलें वचन हें त्या मुलीचें वचन होऊं शकत नाहीं. त्यानंतर कायदा हळूहळू पुढें सरकला. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीचें वय १४ व मुलाचें १८ ठरविलें, आणि १९७८ सालीं तें १८ व २१ झालें. कायद्यास इतकीं वर्षें लागलीं. घरास एका बैठकींत शहाणें होतां येईल.

ह्या सर्वांतून आम्हांस एक नियम सांपडतो, आणि तो साध्या शब्दांत सांगतां येतो. जी गोष्ट चुकली तर परत फिरवितां येते, ती मुलाच्या हातीं लवकर द्यावी. जी परत फिरवितां येत नाहीं, ती उशिरां द्यावी. आठवड्याच्या बाजाराचे पैसे चुकले तर पुढल्या आठवड्यांत सुधारतात. म्हणून पैशाची पिशवी तेराव्या वर्षींहि द्यावी व हिशेब विचारावा. कोणता वाफा कशानें लावावा, कोणता विषय घ्यावा, शेरडी कोणास विकावी, ह्यांत त्याचें मत घ्यावें, आणि तें बरें असल्यास तसें करावें, म्हणजे आपलें मत हवेंत जात नाहीं हें त्यास कळेल. परंतु लग्न, शाळेस कायमचा रामराम, अंगावर कर्ज, व्यसनाची पहिली पायरी, भरधाव गाडी, ह्या गोष्टींचा दरवाजा आंतल्या बाजूनें उघडत नाहीं. तेथें वडिलांनीं उंबऱ्यावर उभें राहिलें पाहिजे, आणि मुलाला आंत लोटणारे वडील स्वतःच नसावेत. पण आमच्या घरीं रीत बहुधा उलटी असते. दहा रुपये खर्चण्यास मुलगी लहान, आणि संसार थाटण्यास मोठी!

गांवोगांवच्या आईबापांस, शिक्षकांस व उपदेशकांस कांहीं गोष्टी सुचवितों. मुलीस न्हाण येण्याआधीं आईनें किंवा मावशीनें तिला सर्व नीट सांगावें. मुलाचा आवाज फुटण्याआधीं बापानें किंवा मामानें त्यास सांगावें. आपल्या शरीरास कांहीं भलतेंच झालें ह्या भीतीनें किती पोरें रात्रभर जागीं राहतात! आपण भेकर काळजानें गप्प बसलों, तर सोबती व हातांतील यंत्र त्यास सांगतील, आणि वाईट रीतीनें सांगतील. ह्या वयाच्या मुलीच्या ताटांत मुलाइतकेंच वाढावें; पालेभाजी, डाळ, नाचणी, आणि शाळेंत आठवड्यास मिळणारी लोहाची गोळी, हीं चुकूं देऊं नयेत. सोबती तोडूं नयेत, कारण ह्या वयास सोबती अन्नासारखे लागतात. त्यापेक्षां ते आपल्याच अंगणांत जमतील असें करावें. दोष घडल्यास त्याच क्षणीं निवाडा करूं नये. मुलाचें मन तापलेलें असतें आणि आपलेंहि तापलेलें असतें. पंचविशी उलटली म्हणून आमचा कासरा कधींच तुटत नाहीं, असें कोण म्हणेल? एक रात्र जाऊं द्यावी. मग त्यास बसवून विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें.

त्या बैठकींत शेवटीं काय झालें, हें वाचक विचारतील. गांवच्या शाळेचे जुने मास्तर त्या वाटेनें जात होते. त्यांनीं मुलास उभ्याचा बसावयास सांगितलें व विचारलें, "बाळ, पाय मोडला त्याच्याकडे गेला होतास का?" मुलगा म्हणाला, "तोंड दाखवायची लाज वाटते." मास्तर म्हणाले, "ही लाज म्हणजे तुझ्यांतला मोठा माणूस आहे. त्याच्याबरोबर जा." मग सोबत्याचा पाय बरा होईपर्यंत मुलानें त्याच्या घरचें पाणी भरावें, शेरडांस चारा आणावा, रोज शाळेंतला धडा त्यास नेऊन वाचून दाखवावा, असें ठरलें. चुलत्यानें किल्ली कुलुपांत ठेवावी व औषधपाण्याचा अर्धा खर्च उचलावा, असेंहि ठरलें. तो थोडा कुरकुरला, पण कबूल झाला. मुलाची शाळा सुटली नाहीं. मुलीविषयीं मास्तरांनीं एवढेंच म्हटलें, "तिलाहि बोलवा. ती काय म्हणते तें ऐकूं." ती आली, पदराचें टोक बोटाला गुंडाळीत उभी राहिली, आणि म्हणाली, "मला दहावी होऊं द्या. मी आजीजवळ राहीन." इतकें सोपें उत्तर तिच्याजवळ होतें, आणि तें विचारावयास घरांत कोणास सुचलें नव्हतें.

बाप त्या वर्षीं आपल्या बायकोसह ऊस तोडावयास गेला. मुलें आजीजवळ राहिलीं. गरिबी गेली नाहीं, आणि पुढें मुलानें कांहीं आगळीक केलीच नाहीं असेंहि नव्हे. परंतु अर्धवट वयाचा दोष अर्धा आपला असतो, हें त्या घरास कळलें. ज्या घरास तें कळतें, त्या घरीं उरलेला अर्धा दोष उचलावयास मूल आपण होऊन पुढें येतें.